फेसाचा नियम आणि कॅडमधली नक्षी

कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, बिंदू विखुरायचे, स्क्रिप्ट (संगणकाला दिलेल्या सूचनांची यादी) चालवायची आणि पृष्ठभागभर पेशींची जाळी उमटलेली पाहायची. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला हे आज काही मिनिटांचं काम आहे. मात्र त्या स्क्रिप्टमधला नियम संगणकाहून बराच जुना आहे.

नियम साधा आहे: जी जागा ज्या बिंदूला सर्वांत जवळ, ती त्याची. गणिती डिरिक्लेने 1850 मध्ये तो वापरला, 1908 मध्ये गणिती गिऑर्गी व्होरोनॉयने तो कितीही मितींसाठी मांडला, आणि नक्षीला त्याचंच नाव चिकटलं. 1911 मध्ये हवामानतज्ज्ञ थिसेनने तोच नियम पावसाच्या मोजणीला लावला. आपल्याकडे सिव्हिलला जलविज्ञान शिकलेल्या अनेकांनी थिसेनचे बहुभुज हाताने काढलेले असतात. पर्जन्यमापक केंद्रं रेषांनी जोडायची, प्रत्येक रेषेचा लंबदुभाजक काढायचा, हे दुभाजक म्हणजे केंद्राच्या हद्दी, आणि ते जिथे एकमेकांना भेटतात तिथे हद्दीचे कोपरे. दहा-बारा केंद्रांपर्यंत हे जमतं. हजार बिंदू असले की पेन्सिल हात टेकते.

1986 हे साल म्हणूनच मला महत्त्वाचं वाटतं. बेल लॅब्जमधल्या स्टीव्हन फॉर्च्यूनने व्होरोनॉय आकृती झपाट्याने काढण्याची रीत मांडली: एक रेषा पानावरून सरकवत न्यायची आणि तिच्या मागे हद्दी आखत जायच्या. त्याच वर्षी ऑटोकॅड या कॅड सॉफ्टवेअरमध्ये ऑटोलिस्प ही प्रोग्रॅम लिहायची भाषा आली. ड्राफ्ट्समन एकेक रेषा ओढण्याऐवजी रेषा कशी ओढायची हे लिहून ठेवू शकला. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण पेशींच्या नक्षीला दोन्हींची गरज होती. पुढे ऱ्हायनो या त्रिमितीय कॅड सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हायनोस्क्रिप्ट ही तशीच भाषा आली आणि वक्र पृष्ठभागही याच पद्धतीने हाताळता येऊ लागले.

या सगळ्याचं खरं बळ दिसलं बीजिंगमध्ये. 2008 च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या जलतरण केंद्राची, म्हणजे वॉटर क्यूबची, गोष्ट 1887 पासून सुरू होते. समान आकारमानाच्या बुडबुड्यांनी अवकाश भरायचा आणि त्यांच्यातले पडदे कमीत कमी क्षेत्रफळाचे ठेवायचे, तर बुडबुडा कसा असावा, असा प्रश्न तेव्हा भौतिकशास्त्रज्ञ केल्विनने विचारला. चौदा पृष्ठांची एकच पेशी पुन्हा पुन्हा रचावी, हे त्याचं उत्तर शतकभर टिकलं. 1993 मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या डेनिस वेअर आणि रॉबर्ट फेलन यांनी संगणकावर त्याहून सुमारे 0.3 टक्के काटकसरीची रचना शोधली. तिच्यात पेशी दोन प्रकारच्या आहेत, बारा पृष्ठांची आणि चौदा पृष्ठांची. दर आठ पेशींत दोन पहिल्या, सहा दुसऱ्या.

अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या अभियंत्यांनी या फेसाचा अवाढव्य ठोकळा संगणकात रचला, तो तिरका फिरवला आणि त्यातून सुमारे 177 मीटर लांब, तितकीच रुंद आणि 31 मीटर उंच पेटी कापून काढली. नियमबद्ध रचना तिरकी कापली गेल्यामुळे दर्शनी भिंत पाहताना नक्षी पुन्हा येते आहे हे कळतच नाही. इतकी युक्तीची गोष्ट मी स्थापत्यात फार कमी पाहिली आहे. सांगाड्यात सुमारे 22,000 पोलादी तुकडे आहेत. एवढ्यांची जागा, लांबी आणि जाडी हाताने ठरवणं शक्यच नव्हतं. ते काम त्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमांनी केलं.

इमारत पुरी होत असतानाच, 2007 मध्ये, डेव्हिड रटनने ऱ्हायनोसाठी पुढे ग्रासहॉपर नावाने ओळखलं गेलेलं साधन आणलं. त्यात कोड न लिहिता ठोकळे तारांनी जोडले की नियम तयार होतो, आणि व्होरोनॉयचा ठोकळा तर आयताच मिळतो. तेव्हापासून ही नक्षी दिव्यांच्या झाकणांपासून दर्शनी भिंतींपर्यंत सगळीकडे दिसते. बऱ्याच ठिकाणी ती वरून चिकटवलेली असते, हे मला खटकतं. बीजिंगच्या भिंतीतली प्रत्येक कड छताचा भार पेलते, आणि एखादी काढायची म्हटली तर आधी गणित पुन्हा करावं लागेल.