पॉलिश सुकतं म्हणजे नेमकं काय होतं?

आजोबांच्या काळातली सागवानी खुर्ची माळ्यावरून खाली आली की पुढची फेरी हार्डवेअरच्या दुकानात होते. फळीवर चपडा, वॉर्निश, मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन), जवसाचं तेल अशी रांग असते आणि दुकानदार विचारतो, "चकचकीत पाहिजे की मॅट?" चमक तर यातल्या जवळपास प्रत्येकाने आणता येते, ते शेवटी ठरवलं तरी चालतं. आधी विचारायला हवं ते वेगळंच: हा पदार्थ लाकडावर सुकतो कसा? त्याच्या उत्तरावरून तो पाण्याला टिकेल का, पुढे ओरखडा पडला तर तेवढाच दुरुस्त होईल का आणि कधी काढायची वेळ आली तर निघेल का, हे सगळं कळतं.

खुर्चीवर आधीच काय लावलेलं आहे, ते घरच्या घरी तपासता येतं. खुर्ची उलटी करा. बैठकीखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी पॉलिशच्या स्पिरिटचे दोन थेंब टाका आणि मिनिटभराने बोट लावून बघा. पृष्ठभाग चिकट झाला, बोटाचा ठसा उमटला आणि कापडावर तपकिरी डाग आला, तर तो चपडा आहे. काहीच झालं नाही, तर तेल, वॉर्निश किंवा अलीकडचं मेलामाइन वा पीयू असण्याची शक्यता जास्त. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या चांगल्या फर्निचरवर बहुतेक वेळा चपडाच निघतो, आणि माझ्या मते ही आनंदाची गोष्ट आहे.

चपडा म्हणजे लाख. कुसुम, पळस, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वस्ती करतात आणि स्वतःभोवती राळेचं कवच तयार करतात. ते खरवडून, धुऊन, वितळवून पातळ पत्रे काढतात आणि त्यांचे तुकडे करतात. झारखंड आणि छत्तीसगड यात आघाडीवर आहेत. आपल्याकडे गोंदियातही लाखेवर प्रक्रिया करण्याचा धंदा जुना आहे. रांचीजवळ नामकुमला लाखेच्या संशोधनासाठी १९२४ सालीच संस्था उभी राहिली.

हे तुकडे स्पिरिटमध्ये विरघळतात. लाकडावर हात फिरला की स्पिरिट उडून जातं आणि राळ मागे उरते. एवढंच! रासायनिक बदल जवळजवळ काहीच होत नाही. म्हणून पन्नास वर्षांनीही त्यावर स्पिरिट लागलं की ती राळ पुन्हा सैल होते, वाळलेला साखरेचा पाक पाण्यात विरघळावा तशी. नवा हात जुन्या हातात मिसळतो, दोन वेगळे थर राहत नाहीत. जिथे पॉलिश उडालं आहे तेवढ्याच जागेवर मलमलीत गुंडाळलेला कापसाचा बोळा फिरवला तरी सांधा दिसत नाही. सगळी खुर्ची घासून उघडी करण्याची गरज बहुतेक वेळा नसतेच.

याच गुणात त्याचा दोषही आहे. दारू सांडली की डाग पडतो. साबण आणि धुण्याचा सोडा अल्कधर्मी असल्यामुळे लाखेला विरघळवतात. गरम कपाखाली ती मऊ होते. ओला पेला ठेवल्यावर उमटणारं पांढरं वर्तुळ म्हणजे राळेच्या थरात शिरलेली ओल. तिच्यामुळे प्रकाश विखुरतो आणि तिथे पांढुरकं दिसतं. डाग ताजा असेल तर स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेला बोळा हलक्या हाताने फिरवला की बरेचदा जातो. भर पावसाळ्यात पॉलिश केलं तरी असाच पांढरेपणा येतो. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. कोकणात आणि मुंबईत हे काम दिवाळीनंतर काढावं.

विकत घेताना तयार बाटलीपेक्षा सुटे तुकडे घ्या. विरघळवलेल्या लाखेतली आम्लं हळूहळू स्पिरिटमधल्या अल्कोहोलशी संयोग पावतात आणि काही महिन्यांनी ते द्रावण लावलं तर चिकटच राहतं, नीट कडक होत नाही. लिटरभर स्पिरिटला पाव किलो तुकडे हे सुरुवातीला सोयीचं प्रमाण. रात्रभर भिजवून गाळून घ्यायचं. हे स्पिरिट विषारी असतं आणि चटकन पेटतं, तेव्हा खिडक्या उघड्या आणि गॅस बंद.

आता तेल. बऱ्याच घरांत लाकडाला खोबरेल चोळतात. दोन दिवस छान दिसतं, मग धूळ बसते आणि बोटाला ओशट लागतं. कारण खोबरेल कधी सुकतच नाही. तेल सुकतं तेव्हा हवेतला प्राणवायू त्याच्या रेणूंतल्या दुहेरी बंधांशी जोडला जातो, रेणू एकमेकांत गुंततात आणि तेलाचा कडक पापुद्रा होतो. खोबरेलातली सुमारे ९० टक्के मेदाम्लं संपृक्त, म्हणजे त्यांच्यात दुहेरी बंधच नाहीत. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषतं यावरून हे बंध मोजतात. खोबरेलासाठी हा आकडा साधारण ६ ते ११ येतो, शेंगदाणा तेलासाठी ९० च्या आसपास आणि जवसाच्या तेलासाठी १७० च्या वर. म्हणून लाकडाला जवस. कच्चं जवस सुकायला कित्येक दिवस घेतं, तर दुकानातल्या उकळलेल्या तेलात कोबाल्ट किंवा मँगनीजसारख्या धातूंचे क्षार मिसळलेले असतात, ते एक-दोन दिवसांत सुकतं. सागाच्या अंगचं तेल हे सुकणं लांबवतं, म्हणून आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्यावं आणि हात अगदी पातळ द्यावा.

इथे एक धोका आहे आणि तो मनापासून सांगायचा आहे. तेल सुकताना उष्णता बाहेर पडते. लाकडावर ती हवेत निघून जाते, पण तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर आतच साठत जाते आणि कुणी काडी न लावता फडकं पेटतं. अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या ३८ मजली वन मेरिडियन प्लाझा इमारतीला १९९१ साली लागलेली आग जवसाच्या तेलाच्या अशाच फडक्यांतून सुरू झाली आणि त्यात ३ अग्निशमन जवान गेले. काम झालं की फडकी उलगडून बाहेर दोरीवर एकेक करून वाळत घाला, किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

मेलामाइन आणि दोन डब्यांचं पीयू यांचा मार्ग तिसरा. त्यांचे रेणू एकमेकांशी कायमचे जोडले जातात, मग कुठलंही साधं द्रावक त्यांना सोडवू शकत नाही. रोज ताटं-वाट्या पडणाऱ्या जेवणाच्या टेबलाला हेच योग्य. पण वाडवडिलांच्या कपाटाला मी ते लावणार नाही. ओरखडा आला की पूर्ण पृष्ठभाग घासावा लागतो आणि प्रत्येक घासण्यात थोडं जुनं लाकूड जातं. चपड्यावर पीयू चढवायचंच असेल, तर लाखेत सुमारे पाच टक्के मेण असतं आणि त्यावर पीयू नीट धरत नाही, हे लक्षात ठेवा. मेण काढलेला चपडा वेगळा मिळतो.

खिळखिळ्या सांध्यांचंही असंच आहे. जुने सुतार सरस वापरत. तो जनावरांच्या कातडी-हाडांतल्या कोलॅजनपासून बनतो आणि गरम पाणी लागलं की सुटतो, त्यामुळे पाय न मोडता खुर्ची उकलता येते. १९५९ सालापासून मिळणाऱ्या फेविकॉलसारखा पांढरा गोंद पाणी निघून गेलं की घट्ट बसतो आणि ताकदीला उत्तमच आहे. मात्र सुकलेल्या जुन्या थरावर नवा थर धड चिकटत नाही. सांध्यात वरून गोंद ओतून दोरी आवळण्यापेक्षा सांधा उघडा, लाकूड दिसेपर्यंत जुना गोंद खरवडा, मग लावा.

पॉलिश पेपरचा आकडा जितका मोठा तितके कण बारीक. ८० नंबरचा कण साधारण २०० मायक्रॉनचा (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर), १२० चा सव्वाशेचा, ३२० चा पन्नासहून कमी. ८० वरून थेट ३२० वर उडी मारली तर खोल ओरखडे तसेच राहतात आणि पॉलिशचा हात पडला की उठून दिसतात. घासायचं नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने.

मात्र पाळणा, झोपाळा किंवा पाटावर जुना ऑइलपेंट असेल तर कोरडं घासूच नका. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नसावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं बरंच असू शकतं. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधते आणि गर्भवतीलाही घातक. पाणी मारून ओलं घासा, चांगला मास्क लावा, मुलांना लांब ठेवा आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्या.

टेबलाच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायची घाई मात्र करू नका. हवेतल्या ओलीप्रमाणे लाकूड आडव्या अंगाने फुगतं-आकसतं, लांबीला जवळजवळ नाही. पूर्ण ओलं सागवान पूर्ण वाळलं तर वार्षिक वलयांच्या दिशेने ५.८ टक्के आकसतं. वलयांना काटकोनात २.५ टक्के. हे प्रमाण धरलं तर ६० सेंटिमीटर रुंदीच्या टेबलात लाकडातला ओलावा पाच टक्क्यांनी बदलला की रुंदीत पाच-सहा मिलिमीटरपर्यंत फरक पडू शकतो. मे महिन्यात फटीत कडक लांबी (पुट्टी) भरली तर जुलैत फुगणाऱ्या फळ्यांना जागा उरत नाही. मग लांबी बाहेर ढकलली जाते किंवा फळीच तडकते. जुन्या टेबलाची फळी खालून स्क्रूने धरलेली असेल तर स्क्रूचं भोक बघा. जाणत्या सुताराने ते लांबट ठेवलेलं असतं, फळीला सरकायला जागा मिळावी म्हणून. ते बुजवू नका आणि त्यात गोंदही घालू नका.