वेव्ह आणि बायआउट: ‘त्याला काढून का टाकत नाहीत?’ याची दोन वेगळी उत्तरं

२०२३-२४ च्या मोसमात एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधला डेट्रॉइट पिस्टन्स हा संघ सलग २८ सामने हरला. एका मोसमातला तो एनबीएचा विक्रम ठरला. घरच्या मैदानावर प्रेक्षक ‘संघ विकून टाका’ अशा घोषणा देत होते. मोसम संपला तेव्हा १४ विजय आणि ६८ पराभव होते. अशा काळात चाहत्यांचा पहिला सवाल ठरलेला असतो: अमुक खेळाडू बाकावर बसून पगार घेतोय, त्याला सरळ काढत का नाहीत? मग एक दिवस काढल्याची बातमी येते. कुणी ‘वेव्ह केलं’ म्हणतं, कुणी ‘बायआउट झालं’. दोन्हींचा अर्थ एकच धरला जातो आणि राग भलत्याच निर्णयावर निघतो.

वेव्ह करणं हा एकतर्फी निर्णय आहे. संघ लीगला कळवतो की हा करार आम्ही सोडतोय. खेळाडूची संमती लागत नाही. पुढचे ४८ तास तो वेव्हर्सवर असतो. या वेळात दुसरा कुठलाही संघ त्याच्यावर दावा करू शकतो, मात्र दावा करणाऱ्याला सगळा करार जसाच्या तसा उचलावा लागतो. त्यासाठी त्याच्याकडे सॅलरी कॅपमध्ये (संघाच्या एकूण पगारांवरच्या मर्यादेत) तेवढी जागा किंवा कॅप ओलांडायला मुभा देणारी तेवढ्या रकमेची सवलत हवी. एकाहून जास्त दावे आले तर सर्वांत खराब कामगिरीच्या संघाला तो मिळतो. मोठ्या कराराच्या खेळाडूवर सहसा कुणी दावा करत नाही. ४८ तास उलटले की तो फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा होतो, आणि हमी दिलेली सगळी रक्कम जुन्याच संघाच्या माथी राहते. थोडक्यात, नुसतं वेव्ह करून एक डॉलरही वाचत नाही. रोस्टरवरच्या (संघाच्या यादीतल्या) १५ जागांपैकी एक मोकळी होते, इतकंच.

बायआउट ही तडजोड आहे. खेळाडू आणि संघ समोरासमोर बसतात, खेळाडू आपल्या उरलेल्या पगारातला काही भाग सोडतो आणि त्या बदल्यात संघ त्याला मोकळं करतो. पण मोकळं करण्याचा रस्ता शेवटी वेव्हर्समधूनच जातो, आणि गोंधळ होतो तो इथेच. प्रत्येक बायआउटच्या शेवटी खेळाडू वेव्ह होतो, प्रत्येक वेव्हमागे बायआउट मात्र नसतो.

यात एक तिसरा शब्द मिसळतो तो म्हणजे स्ट्रेच. वेव्ह केलेल्या खेळाडूची उरलेली रक्कम संघाला जास्त वर्षांत विभागता येते. हिशेब असा: उरलेल्या वर्षांची दुप्पट अधिक एक. दोन वर्षं उरली असतील तर पाच, एक उरलं असेल तर तीन. १ जुलै ते ३१ ऑगस्टच्या दरम्यान वेव्ह केलं तर चालू मोसमाचा पगारही विभागता येतो. १ सप्टेंबरनंतर चालू मोसमाची रक्कम त्याच मोसमात मोजली जाते, फक्त पुढची वर्षं ताणता येतात. म्हणून असले मोठे निर्णय बहुतेक वेळा उन्हाळ्यात होतात, डिसेंबरात चाहते कितीही ओरडले तरी.

डिसेंबरात झालेला मोठा अपवाद पिस्टन्सचाच. जॉश स्मिथला २०१३ मध्ये ४ वर्षांचा, ५ कोटी ४० लाख डॉलरचा करार मिळाला. आंद्रे ड्रमंड आणि ग्रेग मनरो हे दोन उंच खेळाडू बास्केटजवळची जागा आधीच अडवून होते. तिसरा स्मिथ, आणि त्याची बाहेरून नेमबाजी कच्ची. रिंगखाली गर्दी आणि तीनच्या रेषेबाहेर कुणी नाही, असा तो संघ झाला. २२ डिसेंबर २०१४ ला, ५ विजय आणि २३ पराभव अशा अवस्थेत, प्रशिक्षक आणि बास्केटबॉल विभागाचे प्रमुख स्टॅन व्हॅन गंडी यांनी त्याला वेव्ह केलं. खेळाडूने काहीच सोडलं नव्हतं. त्या मोसमाचे १ कोटी ३५ लाख तिथेच मोजले गेले आणि उरलेल्या दोन वर्षांचे २ कोटी ७० लाख पाच वर्षांत विभागले, म्हणजे वर्षाला सुमारे ५४ लाख, थेट २०१९-२० पर्यंत. संघ लागलीच सलग ७ सामने जिंकला, मोसम ३२-५० वर संपला. स्मिथ गेल्यानंतरचा हिशेब २७-२७ येतो. निर्णय मैदानावर शंभर टक्के बरोबर होता. किंमत मात्र पाच वर्षं चुकती करावी लागली.

आता त्याच संघाचा ब्लेक ग्रिफिन पाहा. मार्च २०२१ मध्ये त्याच्या करारात चालू मोसमाचे ३ कोटी ६८ लाख आणि पुढच्या मोसमाचे जवळपास ३ कोटी ९० लाख डॉलर होते. गुडघ्यांच्या दुखण्यांनी त्याची उडी गेली होती आणि संघ तळाला होता. इथे बायआउट झालं. ग्रिफिनने १ कोटी ३३ लाख सोडले आणि किमान पगारावर ब्रुकलिन नेट्सला गेला. पिस्टन्सच्या खात्यावर २०२१-२२ साठी जवळपास ३ कोटी डॉलर राहिले. ‘दुसऱ्या संघातल्या खेळाडूला आम्ही ३ कोटी देतोय’ म्हणून चाहते चिडले, ते साहजिक होतं. पण पिस्टन्सनी रक्कम ताणली नाही, आणि हाच त्यातला शहाणपणा. ताणली असती तर एका वर्षाची तीन झाली असती आणि २०२३-२४ पर्यंत ग्रिफिनचं नाव खात्यावर राहिलं असतं. २०२१-२२ मध्ये संघ तसाही २३-५९ वर संपला. ज्या वर्षी जिंकायचंच नव्हतं त्याच वर्षी सगळा भार उतरवला. दिसायला वाईट, पण संघाच्या हिताचा निर्णय.

याउलट ड्वेन डेडमन. नोव्हेंबर २०२० मध्ये ट्रेडमधून, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीतून, तो अटलांटाहून आला आणि पिस्टन्ससाठी एकही सामना न खेळता वेव्ह होऊन स्ट्रेच झाला. त्या हंगामात कॅपमध्ये जागा हवी होती, ती मिळाली. पण वर्षाला सुमारे २८ लाख ७० हजार डॉलर २०२४-२५ पर्यंत खात्यावर बसले. त्या २८ पराभवांच्या मोसमातही ही रक्कम मोजली जात होती, आणि स्टँडमधल्या कुणाच्या तोंडी डेडमनचं नाव नव्हतं. ग्रिफिनचे ३ कोटी सगळ्यांना दिसले, हे पाच वर्षांचं बारीक ओझं कुणाला दिसलं नाही. माझ्या मते वाढत्या संघाने टाळायचं ते हे दुसरं.

बायआउट आणि स्ट्रेच एकत्र आले की काय होतं हे जुलै २०२५ मध्ये फिनिक्स सन्सनी दाखवलं. ३६-४६ असा मोसम, प्लेऑफ नाही, आणि ब्रॅडली बीलचे दोन वर्षांचे सुमारे ११ कोटी ८ लाख डॉलर बाकी. त्याच्या करारात ट्रेड नाकारण्याचा अधिकार होता, त्यामुळे त्याच्या मर्जीशिवाय त्याला कुठेही पाठवता येत नव्हतं. चाहते विचारत होते, मग नुसतं वेव्ह करून स्ट्रेच का नाही करत? कारण नियम आडवा येत होता. ताणलेल्या रकमांची एका मोसमातली बेरीज सॅलरी कॅपच्या १५ टक्क्यांपुढे जाता कामा नये. २०२५-२६ चा कॅप १५ कोटी ४६ लाख ४७ हजार डॉलर, त्याचे १५ टक्के सुमारे २ कोटी ३२ लाख. नसीर लिटल आणि ई. जे. लिडेल यांच्या ताणलेल्या रकमा मिळून वर्षाला ३८ लाखांच्या आसपास आधीच गुंतल्या होत्या. बीलसाठी उरले फार तर १ कोटी ९४ लाख. ११ कोटी ८ लाख भागिले ५ केले तर सुमारे २ कोटी २२ लाख होतात, ते बसत नाहीत. म्हणून बीलने सुमारे १ कोटी ३९ लाख सोडणं ही अटच होती. ते सुटल्यावर उरलेले ९ कोटी ६९ लाख पाच वर्षांत बरोबर बसले. बील लॉस एंजेलिस क्लिपर्सला गेला. सन्स लक्झरी टॅक्सच्या (जास्त पगारखर्चावरच्या दंडाच्या) आणि दुसऱ्या एप्रनच्या रेषेखाली आले (एप्रन म्हणजे कॅपच्या वरच्या दोन रेषा, त्या ओलांडल्या की संघावर जादा बंधनं येतात), पण २०२९-३० पर्यंत ही रक्कम त्यांच्या पाठीवर आहे.

त्याच महिन्यात मिलवॉकी बक्सनी डेमियन लिलार्डला सोडलं, तेव्हा अनेकांनी तेही ‘बायआउट’ म्हणूनच वाचलं. तिथे खेळाडूने काहीच सोडलं नव्हतं. अकिलिसची दुखापत झालेल्या लिलार्डचे दोन वर्षांचे ११ कोटी २६ लाख पूर्ण देणं ठरलं आणि ते पाच वर्षांत, वर्षाला सुमारे २ कोटी २५ लाख, विभागले गेले. मोकळ्या झालेल्या जागेत माइल्स टर्नर आला.

करार संपतच आला असेल तर प्रकरण साधं असतं. पिस्टन्सचा किलियन हेझ, २०२० च्या ड्राफ्टमधला (नवोदितांच्या निवडीतला) सातव्या क्रमांकाचा पिक, फेब्रुवारी २०२४ मध्ये वेव्ह झाला. पुढचं वर्षच नव्हतं, त्यामुळे ताणायला काही नव्हतं. चाहत्यांची खंत वेगळी होती, की सातव्या पिकच्या बदल्यात हाती काहीच आलं नाही, आणि ती खंत खरी होती.

बाकावरच्या महागड्या खेळाडूला संघ फेब्रुवारीपर्यंत धरून का ठेवतो, याचंही कारण इथेच आहे. वेव्ह केलेला करार ट्रेडमध्ये वापरता येत नाही. मोसमाअखेर संपणारा दोन कोटींचा करार ट्रेडमध्ये दोन्हीकडचे पगार जुळवायला कामाचा असतो, तो डिसेंबरात सोडला की ते साधन गेलं. ट्रेडची मुदत संपल्यावर मात्र त्याला धरून ठेवण्यात अर्थ उरत नाही, म्हणून बायआउट तेव्हा सुरू होतात. १ मार्चनंतर वेव्ह झालेल्या खेळाडूला नव्या संघाकडून प्लेऑफ खेळता येत नाही, त्यामुळे घाई खेळाडूची असते आणि पैसे सोडायला तो तयार होतो. सध्याच्या नियमांत त्याचे पर्यायही आटले आहेत. ज्याचा जुना पगार मिड-लेव्हल सवलतीपेक्षा (कॅपवरच्या संघांना नवा खेळाडू घ्यायला मिळणाऱ्या ठरावीक रकमेपेक्षा) जास्त होता, म्हणजे २०२५-२६ साठी सुमारे १ कोटी ४१ लाख डॉलरच्या वर, त्याला मोसमादरम्यान वेव्ह झाल्यावर पहिल्या एप्रनच्या वरचे संघ घेऊ शकत नाहीत.

हमी नसलेल्या करारांचं वेळापत्रक निराळं. १० जानेवारीला ते लीगभर पक्के होतात, आणि ४८ तासांचा वेव्हर आधी संपावा लागतो, म्हणून ७ जानेवारीच्या आसपास संघांच्या तळाशी असलेले खेळाडू एकदम सुटतात. त्यात संघाचा कल शोधत बसू नये.

पुढच्या वेळी आपल्या संघाची अशी बातमी आली की आधी दोन रकमा शोधा: खेळाडूने किती सोडले, आणि उरलेले किती वर्षांत मोजले जाणार. बातमीत ‘बायआउट’ असेल पण सोडलेली रक्कम नसेल, तर थोडं थांबा, एक-दोन दिवसांत आकडा येतो. खेळाडूने दुसरीकडे किमानपेक्षा बऱ्या पगारावर सही केली तर जुन्या संघाला त्या वाढीव भागाच्या साधारण निम्म्या रकमेची वजावट मिळते. बायआउटमध्ये ही वजावट सोडून देण्याचंही आधी ठरवता येतं, म्हणून पहिल्या दिवशीचा आकडा आणि मोसमाअखेरचा आकडा थोडा वेगळा दिसू शकतो.