‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ : एक खुलासा

मुलाने नोकरी नाकारून व्यवसायाचे नाव काढले की घरातली वडीलधारी मंडळी हमखास हे वाक्य ऐकवतात. इतिहास मात्र त्याला दुजोरा देत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते आणि डावलल्या गेलेल्या बढतीनंतर ती नोकरी सोडून ते बेळगावला आले. तेथे भावासह चालवलेल्या सायकलींच्या दुकानातून शेतीच्या अवजारांचा कारखाना उभा राहिला. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे पहिले नांगर विकण्यातच मोठा काळ गेला, आणि पुढे बेळगावातली जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संस्थानात जमीन दिल्यामुळे 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. यात जातीच्या वा भाषेच्या अंगभूत गुणदोषाचा संबंध कोठे येतो? अडचण होती ती भांडवलाची, जागेची आणि गिऱ्हाइकाच्या विश्वासाची, आणि (हे सहसा सांगितले जात नाही) ती सुटली त्यात राजाश्रयाचाही वाटा होता. 1931 मध्ये दांडेकर बंधूंनी शाईपासून सुरू केलेला कॅम्लिनचा उद्योग हे असेच दुसरे उदाहरण. म्हणून निर्णय घेताना आडनाव पाहण्यापेक्षा पहिली विक्री होईपर्यंत घरखर्च कशातून भागेल, याचा हिशेब आधी मांडावा.