शेवंतीची रात्र आणि उजेडाची फट

बेळगाव तालुक्यात माझ्या मावसभावाचं शेवंतीचं शेड आहे. शेवंतीला लांब रात्र मिळावी म्हणून बाहेरून पांढरं, आतून काळं असं जाड कापड संध्याकाळी सहाला चारी बाजूंनी खाली येतं आणि सकाळी आठला वर जातं. दोन उन्हाळ्यांपूर्वी उत्तरेकडच्या तीन वाफ्यांनी कळीच धरली नाही. बाकीचं शेड फुललं आणि हे तीन वाफे गुडघ्याचे कमरेला लागले, नुसता पाला. खत, पाणी, थ्रिप्स, सगळं तपासून झालं. शेवटी एका रात्री कारण सापडलं. बाहेरच्या रस्त्यावर नवा दिवा बसला होता आणि त्याच्या रेषेत कापडाला उंदरानं वीतभर भोक पाडलं होतं.

एवढ्याशा उजेडानं रोप फुलायचं थांबतं, हे कळायला माणसाला बरीच वर्षं लागली. आणि त्या शोधात आपल्या सीमाभागाच्या ओळखीची झाडं पुन्हा पुन्हा भेटतात.

सुरुवात मात्र भांगेच्या झाडापासून झाली. पॅरिसमध्ये ज्युलियन तुर्न्वा हा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ 1912च्या सुमाराला भांग आणि जपानी हॉप या दोन वनस्पतींवर प्रयोग करत होता. दिवसातले थोडेच तास उजेड दिला की रोपं अगदी लहान वयात फुलायची. हा दिवस लहान झाल्याचा परिणाम कमी आणि रात्र मोठी झाल्याचा जास्त, असं त्यानं 1914 साली लिहिलं. त्याच वर्षी पहिल्या महायुद्धात तो मारला गेला. पुढं चोवीस वर्षांनी जे सिद्ध झालं ते त्यानं आधीच ओळखलं होतं, याची मला आजही हळहळ वाटते.

मग आली तंबाखू. निपाणी म्हटलं की तंबाखू आणि 1981चं शेतकरी आंदोलन आठवतंच. तिथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, झाडानं फूल धरलं की पानाचं वजन जातं. म्हणून शेंडा खुडायचा, फुटवे काढायचे. अमेरिकेत मेरीलँडच्या शेतांत एक वाण असा निघाला की तो उन्हाळाभर फुलायचाच नाही, नुसती पानांवर पानं. त्याचं नावच मेरीलँड मॅमथ. पानाच्या दृष्टीनं सोनं, पण बी कुठून आणायचं? वॉशिंग्टनजवळच्या सरकारी शेतावर गार्नर आणि अलार्ड हे दोघे याच प्रश्नामागं लागले. ऊब, ओल, खत, सगळं बदलून पाहिलं. हिवाळ्यात काचघरात ठेवलेला मॅमथ मात्र निमूटपणे फुलायचा. शेवटी जुलै 1918मध्ये त्यांनी उजेड शिरणार नाही अशी एक खोली घेतली आणि मॅमथच्या कुंड्या नि सोयाबीनची पेटी दुपारी चारला आत ठेवून सकाळी नऊला बाहेर काढायचा क्रम लावला. ऐन उन्हाळ्यात दोन्ही फुलले. 1920 साली त्यांचा निबंध छापून आला आणि झाडं दिवसाच्या लांबीवर चालतात, हे जगानं मान्य केलं.

त्या खोलीची दारं रोज हातानं उघडायची नि लावायची. आजच्या प्रत्येक काळ्या कापडाची ती आजी.

रात्रीचा हिशेब लागला तो 1938मध्ये, शिकागोत. हॅमनर आणि बॉनर यांनी गोखरू घेतलं, तेच काटेरी तण जे धोतराला नि शेरडांच्या केसांना चिकटतं. मराठीत त्याचं आणखी एक नाव शंकेश्वर. निपाणीहून बेळगावला येताना वाटेत संकेश्वर लागतं तेव्हा मला दर वेळी हे तण आठवतं. या झाडाला साडेआठ तासांहून मोठी, सलग, काळी रात्र एकदा जरी मिळाली तरी ते फुलायला लागतं. त्या दोघांनी दिवसाच्या मध्यात थोडा वेळ अंधार करून पाहिला, काही फरक पडला नाही. रात्रीच्या मध्यात मात्र मिनिटभर दिवा लावला आणि फूल गेलं. झाड मोजत होतं ती रात्र, आणि तीही अखंड हवी. उंदराच्या भोकातून आलेल्या उजेडाचा गुन्हा इथं सिद्ध होतो.

रोपातलं हा उजेड टिपणारं रंगद्रव्य, म्हणजे फायटोक्रोम, बोर्थविक आणि हेंड्रिक्स यांच्या अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलमधल्या गटानं शोधून काढलं. 1952मध्ये लेट्यूस या सॅलडच्या पालेभाजीच्या बियांवर काम करताना लाल उजेड चावी फिरवतो आणि त्यापलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा गडद लाल ती उलट फिरवतो, हे त्यांना दिसलं. 1959मध्ये ते द्रव्य प्रत्यक्ष हाती लागलं. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण जुन्या फोटो स्टुडिओतल्या लाल दिव्यामुळं लाल उजेड निर्धोक, असं आपल्या डोक्यात बसलंय. रोपांच्या बाबतीत नेमकं उलटं आहे. रात्र मोडायला सगळ्यांत कमी लागतो तो लालच. टायमरवरचा, स्टॅबिलायझरवरचा तो बारीक लाल ठिपकासुद्धा चिकटपट्टीनं झाकलेला बरा. हिरवा दिवा त्या मानानं सौम्य, पण तोही पूर्ण निर्धोक नाही.

शेवंतीत दिवस-रात्रीच्या लांबीचं ज्ञान त्याआधीच, 1930च्या दशकात अमेरिकेत उतरलं. कॉर्नेल विद्यापीठाच्या केनेथ पोस्ट यांच्यासारख्यांनी काळ्या कापडाची वेळापत्रकं बसवली आणि हंगामी फूल बारमाही झालं. आपल्याकडं जूनमध्ये दिवस सुमारे तेरा तासांचा, डिसेंबरमध्ये सव्वाअकराच्या आसपास. म्हणजे फरक दोन तासांचाच, आणि त्या दोन तासांत शेवंतीचा सगळा बाजार. सोयाबीनवाल्यांनाही हे न शिकता माहीत असतं. चौकातल्या मोठ्या दिव्याखालचा पट्टा काढणीपर्यंत हिरवाच राहतो, बाकी रान पिवळं पडून वाळतं.

परदेशात जिथं कायद्याची मुभा आहे तिथं लोक कपाटात गांजा वाढवतात, तेव्हा बारा तास उजेड आणि बारा तास पूर्ण अंधार ठेवतात, दाराच्या फटी बुजवत बसतात. ते याच इतिहासाचं टोक. फट राहिली तर झाड पुन्हा पाल्यावर जातं, किंवा मादी झाडावर नरफुलं येऊन बी धरतं. आपल्याकडं 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं गांजाची अशी लागवड गुन्हा आहे, कपाटातलीसुद्धा. नियम मात्र शेवंतीला तोच लागू.

मावसभावानं भोक शिवलं, पण खरं काम वेगळंच निघालं. त्याच्याकडच्या जुन्या कामगार मावशी म्हणाल्या, "दादा, कापड टाकल्यावर आत जाऊन धा मिंटं गप बसा. डोळ्याला दिसलं म्हंजे रोपाला दिसलंच." दोघं बसले. अंधाराला डोळे सरावल्यावर सात ठिकाणी टाचणीएवढे उजेड दिसले. पंख्याच्या भोकातून सरळ आकाश दिसत होतं, तिथं पत्र्याची दोन वळणं दिली. वारा येतो, उजेड येत नाही. दारावर एकाऐवजी दोन पडदे लावले, एकमेकांवर हातभर चढतील असे. दुपारी चारला कापड टाकायचा मोह त्यानं आवरला, कारण मे महिन्यात आतली ऊब वाढली की कळी लांबते.

आता दर अमावास्येला ते दोघं आत जाऊन बसतात.