स्पेनमध्ये एक सत्र : विद्यार्थी आणि पालकांसाठी माहितीपत्रक

तुमचा किंवा तुमच्या मुलामुलीचा स्पेनमधल्या विद्यापीठात एका सत्रासाठी जायचा बेत ठरत आला असेल, तर विमानाचं तिकीट काढण्याआधी हे पत्रक शांतपणे वाचा. आमचं कार्यालय छोटं आहे. कागदपत्रं तपासणं, व्हिसाच्या अर्जाची तयारी करून घेणं आणि निघण्याआधी स्पॅनिशचे वर्ग घेणं एवढंच आम्ही करतो. प्रवेश मिळवून देणं आमच्या हातात नसतं. तो तुमचं कॉलेज आणि तिथलं विद्यापीठ यांच्यातल्या करारातून मिळतो. अशा करारात बहुतेक वेळा फी इथेच भरायची असते आणि तिथली माफ होते. राहणं, जेवण, प्रवास आणि विमा यांचा खर्च मात्र घरूनच करावा लागतो.

सत्र म्हणजे जेमतेम पाच महिने. त्यातला पहिला महिना फॉर्म, शिक्के आणि घर शोधण्यात गेला, तर हाती फारसं काही उरत नाही. म्हणून कागदांचं जेवढं काम इथे बसून उरकता येईल तेवढं उरकूनच निघा, असा आमचा आग्रह असतो.

गाव निवडताना

माद्रिद आणि बार्सिलोना ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात. तुम्हाला निवडीची मुभा असेल, तर आम्ही सालामांका किंवा ग्रानादा सुचवतो. दोन्ही गावं पायी फिरण्याजोगी आहेत, दोन्हीकडे विद्यार्थ्यांची वर्दळ असते आणि खोलीचं भाडं मोठ्या शहरांहून कमी पडतं. सालामांकाचं विद्यापीठ 1218 सालचं, स्पेनमधलं सर्वांत जुनं. त्याच्या दर्शनी भिंतीवरच्या दाट कोरीव कामात एका कवटीवर इवलासा बेडूक बसलेला आहे. कुणी न दाखवता तो ज्याला सापडतो तो परीक्षेत पास होतो, असं तिथली मुलं मानतात. नवी मुलं पहिल्याच आठवड्यात मान वर करून तिथे उभी असतात. ग्रानादाचं विद्यापीठ 1531 सालचं. तिथे बारमध्ये पेय मागवलं की सोबत छोटी बशीभर खाणं फुकट येतं. महिनाअखेरीस या बशीचा मोठा आधार वाटतो.

बार्सिलोना किंवा वालेन्सिया ठरलं असेल, तर एक गोष्ट आधीच पाहा. तिथे बरेच विषय कातालान भाषेत शिकवले जातात. वालेन्सियात तिला वालेन्सियन म्हणतात. तुम्ही स्पॅनिश शिकून जाता आणि वर्गात दुसरीच भाषा कानावर पडते. विषयाच्या माहितीत शिकवण्याची भाषा लिहिलेली असते. ती वाचल्याशिवाय विषय निवडू नका.

मेक्सिको, चिले किंवा अर्जेंटिनाचा करार असेल तर आमच्याशी वेगळं बोला. चिले आणि अर्जेंटिनात शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये सुरू होतं, त्यामुळे आपल्या परीक्षांशी त्याचा मेळ बसवायला डोकं लावावं लागतं.

विषय आणि क्रेडिट

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर 'सेमेस्त्रे' शोधाल तर कदाचित सापडणार नाही. स्पेनमध्ये सत्राला 'कुआत्रिमेस्त्रे' म्हणतात. पहिलं सप्टेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत चालतं आणि दुसरं साधारण फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होऊन जूनपर्यंत जातं. विषय म्हणजे 'असिग्नातुरा' आणि विद्याशाखा म्हणजे 'फाकुल्ताद'. 'कोलेखिओ' म्हणजे शाळा. "मी कोलेखिओत शिकते" असं सांगितलंत, तर समोरच्याला तुम्ही दहावीतल्या वाटाल.

युरोपीय क्रेडिटच्या हिशेबात पूर्ण वर्षाचे 60 आणि सत्राचे 30 धरतात. एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचं काम असतं आणि त्यात घरचा अभ्यासही मोजतात. म्हणून तिथला 6 क्रेडिटचा विषय आणि आपल्याकडचे 6 क्रेडिट एकच समजू नका. कोणत्या विषयाबदली इथे कोणता विषय धरला जाणार, हे निघण्याआधी विभागप्रमुखांच्या सहीनिशी कागदावर घ्या. सर तोंडी "होईल, होईल" म्हणतात तेव्हा मनापासूनच म्हणतात, पण तुम्ही परत याल तेव्हा त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं असू शकतं.

गुण 10 पैकी मिळतात. 5 ला पास, 7 पासून 'नोताब्ले', 9 पासून 'सोब्रेसालिएन्ते'. तिथे 7 मिळाले तर हिरमुसू नका, तो चांगला शेरा आहे. नापास झाल्यास फेरपरीक्षा असते. ती काही विद्यापीठांत सत्र संपताच होते, तर काहींत थेट जून-जुलैमध्ये. पहिल्या सत्राला गेलेला विद्यार्थी तोवर घरी परतलेला असतो. तुमच्या विद्यापीठाची तारीख आताच पाहून ठेवा.

व्हिसा आणि 180 दिवस

मुक्काम 180 दिवसांच्या आत बसवता आला तर बराच ताप वाचतो. त्याहून जास्त राहायचं असेल, तर पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि वैद्यकीय दाखला लागतो आणि तिथे पोचल्यावर महिन्याभरात परदेशी नागरिकाचं ओळखपत्र काढण्यासाठी अर्ज करावा लागतो. त्या अर्जाची आगाऊ वेळ मिळवणं हेच एक मोठं काम होऊन बसतं. 5 सप्टेंबर ते 31 जानेवारी हे 149 दिवस होतात, म्हणजे एक सत्र यात आरामात मावतं. पुढे युरोप फिरायचा बेत असेल तर त्याचे दिवस आधीच मोजून ठेवा.

खर्चाची ऐपत दाखवताना स्पेन सरकारचा 'इप्रेम' नावाचा मासिक निर्देशांक धरतात. 2023 साली तो महिना 600 युरो ठरला. त्या हिशेबाने पाच महिन्यांचे 3000 युरो होतात. अर्ज कराल त्या दिवशीचा आकडा आम्ही पाहून सांगू. राहण्याचे पैसे आधीच भरल्याचा पुरावा असेल तर तेवढी रक्कम यातून वजा होऊ शकते. आरोग्य विमा पूर्ण मुक्कामाचा हवा.

खर्च आईवडील करणार असतील तर हमीपत्रासोबत नातं सिद्ध करणारा जन्मदाखला लागतो, आणि घोडं अडतं ते इथेच. दाखल्यावर वडिलांचं नाव 'सुनीलराव' आणि पासपोर्टवर 'सुनील', किंवा आईचं माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर, हे आपल्याकडे घरोघरी असतं. निदान चार महिने आधी सगळे दाखले एका टेबलावर मांडून नावं अक्षर न् अक्षर ताडून पाहा. पहिल्या भेटीत आम्ही हेच करतो.

तुमचं नाव, त्यांचा रकाना

स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात. सहसा पहिलं वडिलांकडचं आणि दुसरं आईकडचं. लग्नानंतर बाई आपलं नाव बदलत नाही. आपण लिहितो नाव, वडिलांचं नाव, आडनाव. समजा पासपोर्टवर 'मृण्मयी सुनील देशपांडे' असं आहे. तिथला कारकून 'मृण्मयी' हे नाव धरतो, 'सुनील' हे पहिलं आडनाव आणि 'देशपांडे' हे दुसरं. त्याच्या दृष्टीने यात चूक काहीच नसते. आमच्याकडून गेलेली एक मुलगी परीक्षेच्या दिवशी दाराबाहेर लावलेल्या यादीत 'डी'खाली आपलं नाव शोधत राहिली. घशाला कोरड पडल्यावर ते तिला 'एस'खाली सापडलं. म्हणून पहिल्याच दिवशी आंतरराष्ट्रीय विभागात पासपोर्ट उघडून दाखवा आणि आडनाव एकच आहे, दुसरा रकाना रिकामा ठेवा, असं सांगा. गुणपत्रिकेवर नाव चुकलं तर इथे क्रेडिट जमा करताना नाकी नऊ येतात.

घर

पहिल्या आठवड्यासाठी वसतिगृह किंवा साधं लॉज घ्या आणि खोली डोळ्यांनी पाहूनच ठरवा. मालक परदेशात आहे, किल्ली कुरियरने येईल, आज अनामत पाठवा, असा निरोप आला की ती फसवणूक समजा. आमच्या एका विद्यार्थ्याने घाईत एका महिन्याचं भाडं असंच गमावलं. अनामतीला 'फिआन्था' म्हणतात. खोली घेताना भिंतींचे, गादीचे, नळाचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा, म्हणजे सोडताना वाद होत नाही.

सोबत कोण राहतं यावर तुमचं सत्र कसं जाणार हे बरंचसं ठरतं. पुण्या-मुंबईची चार मुलं एका घरात राहिली तर वरणभात उत्तम होतो, पण स्पॅनिश होत नाही. निदान एक तरी तिथली मुलगी किंवा मुलगा घरात असू द्या.

थंडी हलकी समजू नका. ग्रानादा सुमारे 700 मीटर उंचीवर आहे आणि सालामांका 800. जुन्या घरांत बाहेरच्यापेक्षा आत जास्त गारठतं. दक्षिणेकडच्या घरात एक गोल टेबल दिसेल. त्यावर जमिनीपर्यंत लोळणारं जाड कापड असतं आणि खाली विजेची शेगडी. तिला 'ब्रासेरो' म्हणतात. कापड मांडीवर ओढून सगळे त्याभोवती बसतात, जेवतात, अभ्यास करतात, आजी विणत असते. पाय शेकत असतात आणि पाठ गार असते. या टेबलाभोवती आमच्या मुलांचं जेवढं स्पॅनिश सुधारलं तेवढं कुठल्या वर्गात सुधारलं नसेल.

भाषा

मराठी माणसाला स्पॅनिशचे काही धडे आयतेच येत असतात. 'मला चहा आवडतो' हे वाक्य स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल ते' असं होतं. 'मला' तसंच, आणि क्रियापद आपल्यासारखंच चहाकडे बघून चालतं. पुस्तकं आवडत असली तर 'मे गुस्तान'. इंग्रजीवरून शिकणारी मुलं इथे अडखळतात, आपण सरळ पुढे जातो. त, द हे उच्चारही आपल्या त-दच्या जवळचे. आपल्या 'तू'ला ते 'तू'च म्हणतात, अर्थही तोच. आदरार्थी 'उस्तेद' आहे, पण स्पेनमध्ये प्राध्यापकांनाही बहुधा 'तू' म्हणतात. आपल्या मुलांची जीभ रेटत नाही. हरकत नाही, 'उस्तेद'ने सुरुवात करा. सर स्वतःच 'तू म्हण' म्हणतील. बाजारात 'नारांखा' म्हणजे आपलं नारिंग आणि 'आसुकार' म्हणजे साखर. हे शब्द इकडूनच फारसी-अरबीतून तिकडे गेले. 'बाताता' मागाल तर मात्र रताळं मिळेल, बटाट्याला 'पाताता' म्हणा.

जेवण

दुपारचं जेवण दोन-तीनला आणि रात्रीचं नऊनंतर. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारीच भाजी आणून ठेवा.

शाकाहारी असाल तर "मांस नको" एवढं पुरत नाही. हॅम आणि टूना यांना पुष्कळजण मांसात धरत नाहीत. "नी कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन", म्हणजे मांस नको, मासे नकोत, हॅमही नको, असं तिन्ही नावं घेऊन सांगा. मसुराच्या आमटीत सॉसेज असतं. 'तोर्तिया' म्हणजे अंडं-बटाट्याचं जाड धिरडं. बिस्किटांच्या पुड्यावर 'मान्तेका' दिसलं तर ती बहुधा डुकराची चरबी असते. लोणी हवं तर 'मान्तेकिया'. सेवियाकडे पालक-छोल्यांची भाजी मिळते, जिऱ्याच्या वासाची. पहिल्यांदा खाल्ली की घरी फोन लावावासा वाटतो. फोन करताना लक्षात ठेवा, हिवाळ्यात स्पेन आपल्या साडेचार तास मागे असतं.

परतण्याआधी

निघण्याच्या आठवड्यात प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम विभागाच्या शिक्क्यासह घ्या. मूळ गुणपत्रिका बहुधा तुम्ही परतल्यावर इथे येते आणि त्यावर फक्त विषयाचं नाव असतं. 'तेओरिया 2' वाचून इथल्या समितीला काय कळणार? हजेरीच्या पहिल्या आणि शेवटच्या तारखेचं पत्रही तेव्हाच मागा. शिक्का मारणारी खिडकी सहसा सकाळीच उघडी असते.

पालकांसाठी आम्ही शनिवारची सकाळ राखून ठेवतो. येताना पासपोर्ट, जन्मदाखला आणि कॉलेजचं पत्र सोबत आणा.