हरीण लांडग्याने मारलं की हिवाळ्याने?

अमेरिकेत मिशिगन राज्याचा उत्तरेकडचा तुकडा आहे, लेक सुपिरिअर या मोठ्या सरोवराला लागून, अप्पर पेनिन्सुला म्हणतात त्याला. तिथल्या बंदूकवाल्या शिकाऱ्यांची जुनी तक्रार, की हरणं कमी झाली ती लांडग्यांमुळे. खरं काय ते बघायला मिसिसिपी स्टेट युनिव्हर्सिटी आणि राज्याचं निसर्ग खातं 2009 पासून जंगलात उतरलं, आणि मला सगळ्यात आवडलं ते त्यांनी जागा कशा निवडल्या ते. आधी कमी बर्फाचा पट्टा, मग मध्यम, मग लेकजवळचा भरपूर बर्फाचा. लांडगा, कोयोटी (कोल्ह्यासारखा, लांडग्यापेक्षा छोटा), बॉबकॅट (रानमांजर), काळं अस्वल सगळीकडे आहेतच, मग बर्फाने काय फरक पडतो ते दिसतं.

काम मात्र कष्टाचं. हिवाळ्यात जाळीच्या पिंजऱ्यात माद्या पकडायच्या, सोनोग्राफी करून गाभण आहे का बघायचं, असेल तर योनीमार्गात छोटा ट्रान्समीटर ठेवायचा. पाडस जन्मलं की तो बाहेर पडतो, गार होतो आणि सिग्नल बदलतो, मग टीम पाडस शोधत सुटते आणि त्याला वाढत्या मानेबरोबर सैल होणारी रेडिओ कॉलर घालते. कॉलर बराच वेळ हलली नाही की समजायचं, मेलं.

मग तिथे जाऊन मारलं कोणी ते शोधायचं. दातांच्या खुणांभोवती कातडीखाली रक्त साकळलेलं असेल तर चावलं तेव्हा जनावर जिवंत होतं, नसेल तर मेलेलं कोणीतरी नंतर खाल्लं. मांडीचं हाड फोडूनही बघतात. मटणाच्या नळीत आपल्याला मिळतो तसा घट्ट पांढरट मगज असेल तर हरीण धडधाकट होतं, लाल आणि जेलीसारखा पातळ असेल तर उपासमार, कारण शरीर आधी बाकीची चरबी जाळतं आणि ही अगदी शेवटी.

पाडसं सगळ्यात जास्त मारली कोयोटींनी, कारण त्यांची संख्याच मोठी, लांडग्याचा नंबर लोकांना वाटतो तितका वर नाही. मोठ्या हरणांचं गणित मात्र बर्फावर फिरतं. साधारण अर्धा मीटर बर्फ साचला की हरणाचे छोटे टोकदार खूर रुततात, पोट टेकायला लागतं, आणि वरचा थर उन्हाने वितळून परत गोठला की लांडगा पसरट पंजांवर त्याच्यावरून पळतो. म्हणून हरणं देवदारासारख्या सदाहरित झाडांखाली गोळा होतात, बर्फ फांद्यांवर अडतो आणि सगळ्यांनी तुडवलेल्या वाटा पळायला मिळतात, पण तिथला पाला लवकर संपतो. खातात कमी, हलतात कमी, अंगावरची चरबी जाळत वसंताची वाट बघतात. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये लांडग्याने धरलेलं हरीण बऱ्याचदा डिसेंबरपासूनच खंगत आलेलं असतं, आणि कागदावर कारण लिहायचं लांडगा! मला तरी हे अर्धंच कारण वाटतं.

शेजारच्या मिनेसोटात लांडगे आणि हरणांचा अभ्यास करणाऱ्या डेव्हिड मेक आणि मायकेल नेल्सन यांनी तर 1991 मध्ये दाखवलं, की कोवळं जनावर लांडग्याच्या तावडीत सापडणं त्याच्या आईलाच नाही, आजीलाही हिवाळ्यात पोटभर मिळालं होतं का याच्याशी जोडलेलं आहे. म्हणजे पाडस जन्मायच्या आधीच सरून गेलेला बर्फही त्याच्या मरणात हिशेबाला धरायला हवा.