सोडतीकडून मतपेटीकडे

निवडणूक म्हणजेच लोकशाही, हे समीकरण जेमतेम दोनशे वर्षांचे आहे. ॲरिस्टॉटलच्या लेखी पदे सोडतीने वाटणे हे लोकशाहीचे लक्षण होते आणि मतांनी निवडणे हे मूठभरांच्या राजवटीचे. प्राचीन अथेन्सच्या 500 जणांच्या मंडळात 10 गणांतून (नागरिकांच्या गटांतून) प्रत्येकी 50 नागरिक सोडतीने येत. मुदत एक वर्ष, आयुष्यात फार तर दोनदा. न्यायसभेसाठी दगडी पाटीच्या खाचांत नावांच्या पट्ट्या खोचत आणि बाजूच्या नळीतून गोट्या सोडत. पांढरी पडली की अख्खी ओळ आत, काळी पडली की अख्खी ओळ घरी. 10 सेनापती मात्र मतांनीच निवडत, कारण तिथे कसब लागे. (स्त्रिया आणि गुलाम दोन्हीकडून बाहेर.)

अठराव्या शतकात निवडणूक आली ती चाळणी म्हणूनच. लोकमत निवडक प्रतिनिधींतून गाळून यावे, असे अमेरिकी राज्यघटनेचा एक शिल्पकार मॅडिसन याने 1787 मध्ये मांडले. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या मतदारांना त्यांचा खासदार बर्क याने 1774 मध्ये बजावले की प्रतिनिधी हा मतदारांचा निरोप्या नव्हे. 1780 मध्ये त्याच मतदारसंघातून त्याला माघार घ्यावी लागली. लोकप्रतिनिधी जनतेपासून दूर गेला ही आजची तक्रार, पण ते अंतर आराखड्यातच होते.

मोजणीतला घोळही जुनाच. समजा, 100 मतदारांपैकी 40 जणांनी ‘अ’ला, 35 जणांनी ‘ब’ला आणि 25 जणांनी ‘क’ला मत दिले. ‘क’वाल्यांची दुसरी पसंती ‘ब’ असेल, तर सरळ लढतीत ‘ब’ 60–40 ने जिंकतो. सर्वाधिक मतांच्या नियमाने मात्र निवडून येतो ‘अ’. पसंतिक्रम घेतल्यानेही प्रश्न पुरता सुटत नाही. बहुमताच्या पसंत्या ‘अ’पेक्षा ‘ब’, ‘ब’पेक्षा ‘क’ आणि ‘क’पेक्षा ‘अ’ अशा गोल फिरू शकतात, हे फ्रेंच गणिती काँदोर्सेने 1785 मध्येच दाखवले. अनेक मतदारसंघांचे निकाल एकत्र केले की फरक आणखी फुगतो: ब्रिटनमध्ये 2024 साली मजूर पक्षाला 33.7 टक्के मतांवर 650 पैकी 411 जागा मिळाल्या.

म्हणून सोडत परतली. आयर्लंडने 2016 मध्ये यादृच्छिकपणे निवडलेल्या 99 नागरिकांची सभा भरवली. गर्भपाताविषयीच्या तिच्या शिफारशींनंतर 2018 चे सार्वमत झाले. पण अशा सभेत गळती होते, बदली माणसे शोधावी लागतात. आयर्लंडच्या सभेत असे सातजण ओळखीपाळखीतून फोनवर भरल्याचे उघड झाले आणि त्यांना वगळावे लागले.